चार फाकींचं फळ

रंगुबाईंचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कारेगावच्या चाळीत नळाला सव्वाचारला पाणी यायचं. ते भरून, भाकरी थापून त्या साडेसहाच्या आत कंपनीच्या गेटवर असत. मी त्याच कंपनीत पंप चालवायचो. एकवीस उन्हाळे मी त्यांना पाणी वाहताना पाहिलं.

त्या दौंड तालुक्यातल्या राहूच्या. नवरा वारल्यावर इकडं आल्या आणि बागेच्या ठेकेदाराकडं लागल्या. भावानं राहूत घरापुरती जागा दिली होती. तिथं स्वतःच्या दोन खोल्या बांधायच्या, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. जोतं बांधून झालं होतं. भिंती राहिल्या होत्या.

२००२ साली एका मोठ्या साहेबांनी ऑफिससमोर एक रोप लावलं. शेजारी पत्र्याची पाटी ठोकली. पाटीवर लिहिलं होतं: आफ्रिकन महोगनी. शास्त्रीय नाव खाया आयव्होरेन्सिस. कुळ मेलिएसी, म्हणजे कडुनिंबाचं. मूळ ठिकाण पश्चिम आफ्रिकेचं वर्षावन. खाली लाल अक्षरात: भरपूर पाणी द्यावे.

रंगुबाईंना वाचता यायचं नाही. पाटी मी वाचून दाखवली. त्यांनी एक पान तोडून चावलं आणि थुंकलं.

"लिंबाचाच भाऊबंद हाय. मग ह्याचं येवढं कवतिक कशाला?"

"परदेशातला आहे."

"मग हिकडं कशाला आला, आपल्यासारखा पोट भरायला?"

रोप होतं तेव्हा दोन बादल्या लागायच्या. झाड वाढलं तशा बादल्या वाढल्या. शेवटी सोळा ठरल्या. बादली पंधरा लिटरची. हौदापासून झाडापर्यंत एकशे चाळीस पावलं. दोन हातात दोन बादल्या, आठ खेपा. मध्ये ट्रकचा रस्ता होता. पाइप टाकला तो दोनदा ट्रकखाली चिरडला, तेव्हापासून पाइप बंद. होळीपासून पाऊस पडेपर्यंत रोज आठ खेपा. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात गवत काढणं आणि झाडलोट. झाड तीन मजले उंच झालं तरी सोळा बादल्या कुणी कमी केल्या नाहीत. ठेकेदाराच्या कागदावर बागेला तीन माणसं होती. त्यातलं एक या पाण्यासाठी होतं.

बागेचा सुपरवायझर हौशीराम चेष्टा करायचा. "रंगुबाई, आता त्याला म्हणा, तू मोठा झालास, माझ्यासाठी तू आण पाणी."

"त्याला हात कुठं हायत? तुला हायत, तू आण की."

हौशीराम हसून निघून जायचा. त्यानं बादली कधी उचलली नाही.

एका उन्हाळ्यात रंगुबाईंची गर्भपिशवी काढली. चाळीस दिवस त्या राहूला होत्या. बदली माणूस सकाळी सही करायचा आणि शेडमागं झोपायचा. हौदाची पातळी मी रोज बघत होतो. त्या चाळीस दिवसांत झाडाच्या नावाचं पाणी हौदातून निघालं नाही. झाडाला मात्र नवी तांबूस पालवी आली.

रंगुबाई परत आल्या. झाडाखाली उभ्या राहिल्या. खोडाभोवतालची माती पायानं उकरली. आतपर्यंत कोरडी होती. मग वर बघितलं. माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी आठ खेपा सुरू झाल्या. ती बादली कधी अर्धी भरलेली मी पाहिली नाही.

पुढं झाडाला फळं धरली. गोल, लाकडासारखी टणक. वाळली की वरून उकलून फुलासारखी उघडायची. रस्त्यावर पडली की फोर्कलिफ्टच्या चाकाखाली येत, म्हणून रंगुबाई ती वेचून रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. डबा माझ्या पंपाच्या खोलीत असायचा.

२०२३ च्या एप्रिलमध्ये कंपनीनं झाडांची नोंद करायला कॉलेजमधल्या बाई बोलावल्या. सुलक्षणा मॅडम. त्यांनी पाटी वाचली, पानं उलटीपालटी करून पाहिली.

"पहिलं नाव बरोबर आहे, खाया. ते आडनावासारखं समजा. पुढचं चुकलं असावं. एकाच घरातले दोन भाऊ असतात, एक पावसाच्या जंगलात राहतो, दुसरा कोरड्या माळावर. हा दुसरा वाटतो, सेनेगालेन्सिस. जंगलातल्याचं फळ बहुतेक पाच फाकींनी उघडतं, याचं चार. फळ पाहिलं की नक्की सांगते."

"चार निघाल्या तर?" हौशीरामनं विचारलं.

"मग पाणी बंद करा. गरजच नाही."

मॅडम रंगुबाईंकडं वळल्या. "मावशी, खाली पडलेलं एखादं फळ मिळेल का?"

त्या दिवशी सकाळीच झाडून झालं होतं. खाली एकही फळ नव्हतं. रंगुबाईंच्या हातात रिकाम्या बादल्या होत्या. मी जवळ जाऊन हळू म्हणालो, "डबा मी फेकला म्हणून सांगतो."

"का?"

"तुमचं काम जाईल. भिंती राहिल्यात अजून."

"त्यांनी इचारलंय, आप्पा."

बादल्या खाली ठेवून त्या गेल्या आणि डबा घेऊन आल्या. मॅडमनी एकेक फळ काढून मोजलं. सगळ्यांना चार फाकी. मॅडम खूश झाल्या. रंगुबाईंचे आभार मानून त्यांनी चार फळं पिशवीत घातली.

दुपारी मी विचारलं, "आजारी होता त्या उन्हाळ्यात कळलं होतं ना तुम्हाला?"

"व्हय."

"मग इतकी वर्षं कशाला वाहिलं?"

"वाहा म्हणले, वाहिलं. तवा कुणी इचारलं न्हाई."

महिनाअखेरीस बागेवरचं एक माणूस कमी झालं. पाटी बदलली. रंगुबाईंनी बादल्या घासून माझ्या खोलीत पालथ्या ठेवल्या आणि राहूला गेल्या.

मागच्या वर्षी मी त्यांच्याकडं गेलो होतो. जोत्यावर भावाचा कडबा रचलेला होता. रंगुबाई भावाच्या पडवीत खाटेवर बसल्या होत्या. दोन्ही गुडघे झिजले होते. पुण्याच्या डॉक्टरनं दोन्ही बदलायला सांगितले. खोल्यांसाठी साठवलेला पगार उजव्या गुडघ्याला लागला. डावा आहे तसाच आहे.