दमा आणि दम

माझी मुलगी नऊ वर्षांची आणि तिचा दमा सहा वर्षांचा. नागावात आम्ही पर्यटकांना खोल्या देतो. पाहुण्यांपुढे मी जीभ आवरते आणि त्याची सगळी कसर पोरीवर काढते. वाडीत पळू नको, धुळीत जाऊ नको, मांजर खाली ठेव. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्या दिवशी अलिबागला डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात प्रश्नांचा छापील कागद दिला. दम्यात पोरीचे दिवस कसे जातात, ते त्यांना तिच्याकडूनच हवं होतं. मला बजावलं, "ताई, तुम्ही मधे बोलायचं नाही." मी निवांत होते. आठवडाभर तिला एकदाही धाप लागली नव्हती, म्हणजे शाबासकी माझीच.

पहिला प्रश्न होता: दम्यामुळे या आठवड्यात किती त्रास झाला? पोरीने "खूप"वर खूण केली.

"खोटं कशाला लिवतेस गं?" माझा तोंडाचा पट्टा सुटलाच. "धाप लागली का एकदा तरी?"

"न्हाय लागली." तिने कागदावर बोट ठेवलं. "पण दमामुळे इचारलंय ना? तू रोज दम देतेस. शाळेतल्या बाईंनी खो-खोत घेतलं, तर नाव मागं घे, न्हायतर बघ, म्हणालीस. मग मी घेतलं मागं."

डॉक्टरीणबाई हसल्या. मी खूण खोडायला पेन उचललं, तर त्यांनी माझा हात धरला. "वाचायला चुकली, पण उत्तर बरोबर आहे. आधी पंप घेऊन ती खेळू शकते. घरात बसवून धाप थांबवली, त्याला बरं होणं म्हणत नाहीत." मला फार लाज वाटली. राग स्वतःचाच आला.

दुसरा कागद आईसाठी होता. मुलाच्या आजाराची भीती किती वाटते? मी "थोडी"वर खूण केली. पोर वाकून बघत होती.

"दुपारी मी झोपले का तू माझ्या नाकाखाली बोट धरतेस," ती हळूच म्हणाली. "मी जागीच असते. तुला लगेच कळावं म्हणून श्वास मोठ्यानं घेते."

माझे डोळे भरून आले. मी "थोडी" खोडून "खूप" केलं आणि तिथूनच शाळेतल्या बाईंना फोन लावून खो-खोत तिचं नाव परत घालायला सांगितलं.