खालून वर वाचलेलं बिल

विजेचा सदुपयोग जाणणारा या देशात एकच माणूस होऊन गेला, आणि तो मुलुंडला आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होता. हे मत काकांचं स्वतःचं होतं. पण ऐंशीच्या दशकात बराच काळ आमचंही तेच होतं.

बिलं आली की काका जिन्यापाशी कट्ट्यावर बसत आणि हात पुढे करत. "आणा. खालून वर वाचायचं." बिलाचा तळ त्यांना पाठ होता. "युनिट म्हणजे नवरदेव. मीटरभाडं, इंधन आकार, वीज शुल्क हे वऱ्हाड. खर्चात टाकतं ते वऱ्हाड, कळलं?" कळत नसे, पण धाक वाटे. कारण त्यांच्याकडे फ्रिज होता, गीझर होता, आणि बिल आमच्या निम्मं. "शिस्त," ते म्हणत. असा माणूस तुमच्याही इमारतीत असेल. फक्त त्याचं बिल एवढं कमी नसेल.

तळमजल्यावर मालवणकडच्या मावशी एकट्या राहत, ब्लाउज शिवत. त्यांचं बिल काही केल्या उतरेना. त्यांनी पंखा बंद केला, शेवटी मशीनची मोटरही काढून ठेवली. पायांनी मशीन मारायची तर गुडघे धरत, आणि लग्नसराईची कामं परत जाऊ लागली.

"असाच चालला तर मशीन इकून गावाक जातंय," त्या काकांना म्हणाल्या.

काकांनी बिल खालून वर वाचलं. मग, प्रथमच, वरून खाली. "वऱ्हाड बरोबर आहे. नवरदेवच फुगलाय. कोणीतरी तुमची वीज खातंय, मावशी. रविवारी चोर पकडतो."

रविवारी सगळी इमारत जिन्याखाली मीटरच्या फळीपाशी जमली. मावशींनी घरातला मेन स्विच बंद केला. त्यांच्या मीटरची चकती फिरतच होती. लोक एकमेकांकडे पाहू लागले. काकांनी एकेका घराला मेन बंद करायला लावला. चकती फिरतच राहिली. शेवटी एकच घर उरलं.

"अगं, मेन बंद कर," काकांनी वर हाक दिली.

"थांबा जरा, गीझर चालू आहे," काकू म्हणाल्या.

"बंद कर म्हणतो ना."

चकती थांबली.

वाळवी लागलेली जुनी फळी बदलली, तेव्हा कुठली वायर कुठल्या मीटरला हे काकांनीच बॅटरी धरून वायरमनला दाखवलं होतं. दोन वायरींची अदलाबदल झाली होती. काकांची शिस्त त्याच महिन्यात सुरू झाली होती.

"वायरमनची चूक म्हणू या," सेक्रेटरी हळूच म्हणाले.

"तो दोनदा विचारत होता. मी त्याच्यावर ओरडलो," काका सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चोर सापडला." मग मावशींकडे वळले. "मोटर लावा. वायरमन येईपर्यंत ती माझ्याच मीटरवर चालणार आहे."

स्वतःच जमवलेल्या गर्दीसमोर असा उभा राहिलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतर पुष्कळ व्यासपीठं पाहिली, तिथेही नाही.

मावशींच्या बिलांतला फरक त्यांनी वऱ्हाडासकट भरला. पुढची बिलं आली तेव्हा पुन्हा कट्ट्यावर बसले, आणि सगळ्यांत आधी स्वतःचं फुगलेलं बिल उघडून ठेवलं. "वाचा. खालून वर."

काका गेले तेव्हा शोकसभा त्याच कट्ट्यापाशी झाली. मावशींनी तेवढा वेळ मोटर बंद ठेवली. सेक्रेटरींनी काकांना वीजबचतीचा दीपस्तंभ म्हटलं. त्या महिन्यातही इमारतीतलं सगळ्यांत मोठं बिल काकांच्याच नावाने आलं होतं.