गर्दीच्या आधी

बायकोलाही हे ठाऊक नाही — आणि ती तर त्या दिवशी गाडीत माझ्या शेजारीच बसली होती. तुम्हालाच का सांगतोय? ते मलाही नीट कळत नाही.

बेळगावात एका सहलींच्या ऑफिसात मी काम करतो. कुठल्या सुट्टीला किती लोक कुठे जातील, याचा अंदाज बांधायचा. पूर असो, सीमेवरचं आंदोलन असो, घाट बंद असो — माझ्या आकड्यावर गाड्या ठरतात.

कणकुंबीच्या अलीकडे, धबधब्याच्या वाटेवर, एका आक्काचं चहा-भाकरीचं हॉटेल आहे. किती पीठ दळायचं, हे ती मला विचारून ठरवायची. कोरोनाच्या पहिल्या पावसाळ्यात गावानं त्या वाटेवर झाडं आडवी टाकली होती. लॉकडाऊन सैल झाला. वाट उघडायची का, यावर गावात बैठक होती. त्याआधी आक्कानं मला फोन केला.

"अण्णा, उघडलं तर लई माणसं येतील काय वो? आमच्या मालकास्नी दमा हाय. खरं सांगा."

"फार तर पाच-सात गाड्या," मी म्हणालो.

कशावरून म्हणालो? ऑफिसचा फोन तर खाली ठेवता येत नव्हता. गोव्याची हद्द बंद — जो तो विचारत होता, मग जवळपास कुठं? आकडा मला समोर दिसत होता. पण वडगावच्या आमच्या दोन खोल्यांत महिनोन् महिने कोंडलेल्या मुलींना मी धबधबा दाखवायचं कबूल केलं होतं. खरं सांगितलं असतं, तर वाट बंदच राहिली असती.

एवढंच? नाही. अजून आहे —

आक्कानं बैठकीत माझा आकडा सांगितला, वाट उघडली. पहिल्याच रविवारी मी घरच्या सगळ्यांना पहाटेच उठवलं. मुली भिजल्या, खिदळल्या. आक्काचे मालक तोंडाला पंचा गुंडाळून गाड्या अडवायला वाटेवर बांधलेला दोर धरून उभे होते. उन्हं वर यायच्या आत मी गाडी वळवली. जांबोटीपर्यंत समोरून गाड्याच गाड्या.

"बरं झालं वो लवकर निघालो," बायको म्हणाली. "तुमास्नी सगळं आधी कळतंय."

मी गाड्या मोजत होतो. जांबोटीत फोनला रेंज आली. वाट पुन्हा बंद करा, एवढं सांगायला आक्काला एक फोन पुरला असता — केला नाही.

पुढे गावात ताप शिरला. आक्काचे मालक बेळगावच्या दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत. त्या रविवारचंच होतं का ते? कुणालाच सांगता येणार नाही. त्या न कळण्याच्या आड मी इतकी वर्षं लपलो. आजही घाटात समोरून रांग आली की माझे ओठ हलायला लागतात.

जायला मिळालं तेव्हा भेटायला गेलो. आक्कानंच माझी समजूत काढली.

"मनाला लावून घिऊ नका, अण्णा. अंदाजच त्यो. चुकतोय कवातरी."

मी मान हलवली. चुकला, म्हणालो.

चुकला नव्हता.