मेंदीचे हात

जुलै १९७४, नागपंचमीचा आदला दिवस. अंगणाच्या कुंपणाची मेंदी ओरबाडून मी पाट्यावर वाटत बसले होते. घरातल्या सगळ्या बायकांना पुरायची म्हणजे टोपलीभर पाला. त्यात काथ घालायचा, लिंबू पिळायचं आणि लोखंडी कढईत मुरवायचं. हे काम सासूबाई माझ्याकडेच देत, कारण माझ्या हातची मेंदी गडद रंगायची.

दुसऱ्या दिवशी मला धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्सची मदतनीस म्हणून रुजू व्हायचं होतं. मेट्रननं आधीच बजावलं होतं: बांगड्या नकोत, वाढलेली नखं नकोत, मेंदी नको. लग्नानंतर घराबाहेर पडायची ही पहिलीच संधी. म्हणून सगळ्यांचे हात भरून झाल्यावर मी उठायला लागले.

"कुठं चालली वं? बस," सासूबाई म्हणाल्या. "सवाष्णीनं सणाले कोरे हात ठेवू नाई."

"मले उद्या दवाखान्यात जायचं हाय. तिथं मेंदी चालत नाई."

"मंग जाय ना! कोण अडवून राहिलं तुले?" असं म्हणत त्यांनी माझं मनगट मांडीवर दाबून धरलं. दुसरा हात जाऊबाईंनी घेतला.

दोन्ही हात मनगटापर्यंत लिंपून मला भिंतीशी बसवलं. नाकावर माशी बसली तरी हाकलता येईना. नवरा आला, माझ्याकडे पाहिलं आणि पेपर उघडून बसला. आतेसासूबाई हसून म्हणाल्या, "रंग गडद आला तं समज, सासूचा लय जीव हाय तुह्यावर."

सगळ्या आत गेल्या तशी मी कोपरानं न्हाणीचं दार ढकललं आणि टाक्यात हात बुडवले. उशीर झाला होता. तळवे काळपट लाल झाले होते. काथ मीच सढळ घातला होता.

"पाहा वं, किती जीव हाय सासूचा!" जाऊबाई ओरडल्या. मीही हसले. रडून रंग उतरणार नव्हता.

नागपंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. त्यामुळे सकाळी मला अडवायला स्वयंपाकाचं निमित्त नव्हतं. नागाला दूध-लाह्या ठेवल्या, चपला घातल्या आणि धंतोलीला गेले. मेट्रननं विचारायच्या आत दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले आणि म्हटलं, "रंग जाईपर्यंत चादरी धुवायला लावा, पण रुजू आजच करून घ्या."