केंब्रिजला, कमांडरसाहेबांना सलाम ठोकायला

आमच्या लंडनमधल्या हाउन्सलोच्या घरात टीव्हीशेजारी एका सोव्हिएत हवाई दलाच्या कमांडरचा फोटो आहे. बाबा भारतीय हवाई दलात टेक्निशियन होते. तरुणपणी मिग विमानांच्या ट्रेनिंगला रशियात गेले, तेव्हाचे हे साहेब. "या माणसाने मला वाचवलं," एवढंच बाबा सांगतात. कशातून, ते कधीच सांगितलं नाही. केंब्रिजजवळच्या एका छोट्या विमान संग्रहालयात याच साहेबांच्या कारकिर्दीचं प्रदर्शन लागलंय आणि शनिवारी त्यांची मुलगी तिथे असते, असं कळलं मात्र, ऐंशीचे बाबा बुटांना पॉलिश करायला बसले.

पिकॅडिली लाइनने किंग्ज क्रॉस, तिथून केंब्रिजची ट्रेन. गर्दीची वेळ टाळून स्वस्त ऑफ-पीक तिकीट काढा, ज्येष्ठांचं रेलकार्ड विसरू नका. पुढची बस तासाला एकच, ती आमच्या डोळ्यांदेखत सुटली. कॅफेतलं सूप महाग आणि पाणचट, म्हणून बाहेरच्या बाकावर दहीभाताचा डबा उघडला. एरवी जेवण झालं की बाबा घरातले चमचे मोजतात, बारा भरल्याशिवाय झोपत नाहीत. विमानांवरची सवय: काम संपलं की प्रत्येक पाना मोजायचा, एकही विमानात राहिला नाही याची खात्री करायची, मगच कागदावर सही. आज मात्र दोन घास खाऊन उठले.

"मंजू, आटप ना. मॅडम निघून जातील."

थंडगार शेडमध्ये एक मिग आणि भिंतीवर साहेबांचं सगळं आयुष्य. खेड्यातला पोरगा, कॅडेट, पायलट, रेजिमेंटचा कमांडर आणि शेवटी छातीभर पदकं लावलेला जनरल. मध्येच एका कोवळ्या लेफ्टनंटचा फोटो होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'विमान कोसळून मृत्यू. पायलटची चूक.' बाबा तिथेच थांबले.

"बाबा, चला, पुढे बघा, जनरल झालेत."

ते हलले नाहीत. साहेबांची मुलगी तमारा, सत्तरीची, पांढऱ्या केसांची, आपणहून जवळ आली. बाबा तिला थँक यू म्हणायला आले होते. त्याऐवजी इंग्रजीत म्हणाले, "त्या संध्याकाळी माझा एक पाना कमी भरला. थंडीने बोटं बधिर झाली होती. दोनदा मोजलं आणि 'सगळे आहेत' म्हणून सही केली. सकाळी या पोराने तेच विमान उडवलं. तुमच्या वडिलांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, जा, झोप, आणि तोंड बंद ठेव. त्यांनी मला वाचवलं."

मला कोणी कानाखाली मारावी तसं झालं. लहानपणी मी घरातल्या साहेबांच्या फोटोला नमस्कार केलाय!

"तुम्हाला वाचवलं म्हणता?" तमारा म्हणाली. "तेव्हा त्यांची बढती अडकली होती. रेजिमेंटची चूक निघाली असती तर ते जनरल झालेच नसते. त्या मुलाची आई दरवर्षी आमच्या दारात यायची. माझ्या लेकाने काय चूक केली, एवढंच विचारायची. वडील आतल्या खोलीत बसायचे. दार मी उघडायचे."

"त्या... आहेत अजून?" बाबांनी विचारलं.

"नाहीत."

तिने कागद आणि पेन पुढे केलं. बाबांनी पाना, मोजणी, सगळं लिहिलं आणि खाली जुन्या सर्व्हिस नंबरसह सही केली. मी कागद धरून ठेवला. तमाराने 'पायलटची चूक' खोडलं आणि तो कागद फोटोखाली चिकटवला. जनरलच्या फोटोपुढून बाबा सलाम न करता बाहेर आले.

परतीच्या ट्रेनमध्ये मला बाबांचा राग आला होता आणि त्यांचा हात मी सोडलाही नव्हता.

घरी येऊन मी डबा घासला. बाबा ओट्याशी उभे राहून चमचे मोजू लागले. अकरा. पुन्हा मोजले, अकराच. बारावा बहुधा त्या बाकावर राहिला. एरवी अशा वेळी मी हळूच ड्रॉवरमधला एखादा जुना चमचा मिसळते आणि "झाले बघा बारा" म्हणते. आजही हात ड्रॉवरपर्यंत गेला.

"बाबा," मी म्हटलं, "एक कमी आहे."

"हो," ते म्हणाले. "कमी आहे."