जब्दीचं पुढे काय झालं

गाडी सुरू झाली तरी पप्पांचा हात माझ्या डोक्यावरच होता. ते नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावचे पाळक. चर्चच्या आवारात मंडळी उभी होती. "प्रेषित म्हणजे पाठवलेला," ते म्हणाले. "आम्ही तुला पाठवतोय. सोडून चाललीस असं मनात आणू नको." आई खिडकीतून डबा आत सरकवत होती. मी हसत होते. दोन-तीन वर्षांचाच तर प्रश्न होता!

आता इथे परदेशात, अर्विंगमध्ये, रविवारी दुपारी आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं कुणाच्या तरी अपार्टमेंटमध्ये जमतो. शास्त्रवाचन, प्रार्थना, मग बिर्याणी. गेल्या हिवाळ्यात एकदा वाचायची पाळी माझी होती. येशूने हाक मारली, याकोब आणि योहान निघाले, त्यांचा बाप जब्दी होडीतच राहिला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्या दिवशी मला पुढे वाचवेना. पोरं मोठी प्रेषित झाली. म्हाताऱ्याचं नाव नंतर येतं ते फक्त पोरांची ओळख सांगायला.

त्याच आठवड्यात माझा लेऑफ झाला होता. तिकडे पप्पांचं डायलिसिस चालू होतं. घरी येऊन मी फोन लावला.

"पप्पा, जब्दीचं पुढे काय झालं?"

ते हसले, मग खोकत राहिले. "काय व्हायचंय? जाळी नीट केली असतील, गेला असेल मासे धरायला. पोट कुणाला चुकलंय?" मग म्हणाले, "वाट मात्र बघितली असेल गं."

नव्या कंपनीने माझ्या व्हिसाचा अर्ज केला. उत्तर येईपर्यंत देश सोडू नका, परत येता येईलच असं नाही, असं वकिलाने बजावलं. पप्पा आयसीयूत गेले तेव्हा मी तिकीट बुक केलं आणि कॅन्सल केलं. नवऱ्याचा व्हिसा माझ्याच व्हिसावर. लेक इथेच जन्मलेली. "ममा, व्हाय कान्ट वुई जस्ट गो?" ती विचारत राहिली. मी तिला जवळ घेतलं.

पप्पांची माती मी फोनवर पाहिली. तिकडे फोन चुलतभावाने धरला होता. शवपेटी खाली उतरवताना नेटवर्क गेलं.

तिकडे राहिलेल्यांनो, तुम्ही मला बोल लावला असेल. लावा. आणि माझ्यासारखे इकडे आलेले, तुम्हाला मी काय सांगू?

पाळकाचं घर चर्चच्या मालकीचं. नवे पाळक येणार म्हणून आईने ते रिकामं केलं आणि ती श्रीरामपूरला मामाकडे गेली. मागच्या आठवड्यात माझ्या अर्जाला नकार आला. जाता येत नव्हतं तेव्हा वडील गेले. आता जावंच लागणार आहे, तर जायला घर उरलेलं नाही.

काल आईचा फोन आला. भरलेल्या खोक्यांमध्ये जमिनीवर बसून मी तो घेतला.

"मामी चांगली आहे," आई म्हणाली. "पण परक्याचं ते परक्याचं. तुझं तरी तिकडे स्वतःचं घर आहे, तेवढाच मला धीर."

"हो आई," मी म्हटलं.