मुखरूचा तळहात

त्या काळी चांदा जिल्ह्यात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि ड्रायव्हर लोकांचा रुबाब तहसीलदाराच्या वर. गळ्यात रुमाल, ओठांत विडी, कोपर खिडकीबाहेर. मुखरू नन्नावरेच्या गळ्यातही रुमाल होता, पण तो घाम पुसायला. ठेकेदार गुणवंतरावांची लढाईआधीची काळी मोटार तो चालवायचा, आणि चालवण्यापेक्षा थांबवायचाच जास्त. दर चार-पाच मैलांवर मोटार झाडाखाली उभी करायची, बॉनेट उघडायचं, रेडिएटरच्या खालच्या अंगाला उजवा तळहात लावायचा आणि तोंडातल्या तोंडात दहा मोजायचे. हात टिकला तर पुढे निघायचं. चारावरच उचलावा लागला तर मुकाट बसून राहायचं.

लोक हसायचे. "मुखरूच्या मोटारीपेक्षा म्हैस बरी, ती निदान डबकं पाहूनच थांबते," असं धानोऱ्याच्या बाजारात म्हटलं जायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. मुखरूचा ब्रह्मराक्षस त्या बॉनेटखाली बसलेला होता, आणि तो तिथे कसा आला हे मुखरूशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. निदान मुखरूचा तसा समज होता.

गोष्ट त्रेपन्न सालच्या उन्हाळ्याची. तेव्हा मुखरूही कोपर खिडकीबाहेर काढणाराच होता. धानोऱ्याकडच्या एका गावचे देवाजी गुरुजी, त्यांच्या बायकोला, रुखमाबाईंना, तीन दिवस उलट्या होत होत्या. ठेकेदारांनी मोटार दिली. मुखरूने ती अशी पळवली की अर्ध्या वाटेत, चढावर, रेडिएटरमधून वाफेचा फवारा उडाला. थांबायला हवं होतं. पण मागे रुखमाबाई कण्हत होत्या, गुरुजी लवकर, लवकर म्हणत होते, आणि शेतातल्या विहिरीवरून गार पाण्याची बादलीही आली. मुखरूने झाकण काढलं आणि बादली ओतली. आतून एकच आवाज आला, टण्ण. मग ते सगळं पाणी इंजिनाच्या बाजूने रस्त्यावर वाहून गेलं. शेवटी बैलबंडी मिळाली, पण गडचिरोली दिसायच्या आत रुखमाबाई गेल्या.

"तुझा काई दोष नाई, बापा," गुरुजी त्याला म्हणाले होते. "मशीनच ते."

नागपूरहून मिस्त्री आला. इंजिनाला गेलेली केसाएवढी चीर सांधण्याआधी त्याने ती दाखवली आणि विचारलं, "तापल्या लोखंडावर गार पाणी कोणी ओतलं?" मुखरू म्हणाला, "मले नाई मालूम." एवढंच खोटं तो बोलला. पण गुरुजी दर वर्षी रुखमाबाईंच्या श्राद्धाला त्याला जेवायला बोलवायचे. शेवटपर्यंत धावपळ केलेला माणूस म्हणून मानाने बसवायचे. मुखरू पत्रावळीवरचा भात खाली मान घालून गिळायचा, पुन्हा वाढू द्यायचा नाही, आणि हात धुऊन पळ काढायचा. चार वर्षं हे असं चाललं. माणसाला शिव्या पचतात, पण न केलेल्या उपकाराचं जेवण पचत नाही.

सत्तावन्न सालचा वैशाख. तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात होता. पहाटे पानं तोडायला गेलेल्या चैतूवर अस्वलाने झडप घातली. धानोऱ्यापलीकडच्या जंगलातलं गाव, चैतू ठेकेदारांच्याच फडावर, म्हणजे पानं मोजून घ्यायच्या तळावर, पानं आणणारा. अस्वलाने त्याचा अर्धा चेहरा आणि खांदा ओरबाडून काढला होता. त्याची बायको सोमारी हिने जखमेत हळद दाबली, लुगडं फाडून बांधलं, आणि माणसांनी त्याला खाटेवर घालून फडावर आणलं. तिथून मुखरूने मोटारीतून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. तिथे कंपाउंडरने पट्टी बदलली आणि सांगितलं, "चांद्याले न्या. संध्याकाळच्या आत न्या, नाई तं नेऊच नका."

मुखरूने पुन्हा चाक हातात धरलं तेव्हा त्याला मागची खेप आठवली. तसाच मे महिना, तीच मोटार, आणि मागच्या सीटवर पुन्हा कोणीतरी कण्हत होतं.

गडचिरोली सोडली की पुढे वैनगंगा. तेव्हा पूल नव्हता. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत बांबूचे तट्टे अंथरून वाट करायचे आणि मधल्या धारेतून, गुडघाभर पाण्यातून, पलीकडे जायचं. वाट एका बंडीपुरती. त्या दिवशी दुपारी बाराच्या उन्हात मुखरूने काठावरून खाली पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तेंदूपत्त्याच्या पोत्यांनी लादलेल्या चाळीसएक बंड्या एकामागे एक लागल्या होत्या. पुढे कुठेतरी एक बैल बसला होता. मागे फिरायला जागा नव्हती, आणि हॉर्न ऐकून बैल बुजत.

तो रांगेत शिरला. दहा हात पुढे, मग थांबायचं. पुन्हा दहा हात. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडत होतं, चाकं तट्टे दाबत वाळूत रुतत होती, वारा येत होता तो पाठीमागून आणि तोही भट्टीचा. मुखरूला वास आला. तापलेल्या लोखंडाचा तो वास त्याने चार वर्षांनीही, अगदी झोपेतसुद्धा ओळखला असता. मग बॉनेटच्या फटींतून वाफ निघाली.

त्याने इंजिन बंद केलं. खाली उतरून कपड्याने धरून बॉनेट उघडलं. रेडिएटर आत गडगडत होता आणि खालच्या सांध्यातून थेंब थेंब गळत होता. तळहात लावला तर एकसुद्धा मोजता आला नाही.

"काय झालं, भाऊ?" सोमारीने आतून विचारलं. चैतूचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

"तापली. थोडी थंडी होऊ द्या लागते."

"किती?"

मुखरू पुन्हा बॉनेटकडे वळला. अर्धा तास म्हणायची त्याची छाती झाली नाही.

बघता बघता बंडीवाले जमले. माशा आणि माणसं, जखमेजवळ दोन्ही लवकर गोळा होतात. त्यांतला झिंगू नावाचा एक दांडगा गडी सगळ्यांत मोठ्याने बोलत होता. आत डोकावून तो चैतूचा चेहरा पाहून आला होता आणि खरंच हादरला होता. तो धावत धारेकडे गेला आणि बादली भरून घेऊन आला.

"घे. ओत यात."

"आता नाई."

"काऊन नाई? तहान लागली तिले. माणूस मरून राह्यला ना बे अंदर!"

"गार पाणी नाई चालत. इंजिन फुटते. थंडं होऊ दे, मंग ओततो."

"नदीच्या मधात उभा आहे आणि म्हणते पाणी नाई चालत!" झिंगू लोकांकडे वळला. "असा भित्रा डायवर पाह्यला का कोणी?"

लोक चिडले. कोणी म्हणालं, बंडीत घाला. मुखरू म्हणाला, "बंडीनं चांदा उद्या दुपारी येईन. तेथवर काय राहीन त्याच्यात?" हे सगळ्यांना पटलं. पण पटलं की माणसं अधिकच चिडतात. झिंगू बादली घेऊन पुढे सरकला. मुखरू रेडिएटरच्या पुढे आडवा उभा राहिला. पाठीला सदऱ्यातून चटका बसत होता, तरी तो हलला नाही. 

खरं सांगायचं तर त्याचा स्वतःवरही भरवसा राहिला नव्हता. ओतावी का? ही लोकं म्हणतात तसं होईल का? मागच्या खेपेला ओतून बाई मेली. या खेपेला न ओतून हा माणूस मेला तर? तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की मागचं कण्हणं थांबलं आहे.

इतका वेळ ते कण्हणं ऐकवत नव्हतं. आता ते थांबलं आणि मुखरूला वाटलं, संपलं. तो आडवा उभा होता तो बाजूला झाला. झिंगूने रुमाल गुंडाळून झाकणाला हात घातला.

"थांबा! ओतू नका!"

रांगेतल्या चौथ्या-पाचव्या बंडीवरून एक म्हातारा माणूस वाळूतून धडपडत येत होता. डोक्यावर पांढरी टोपी, हातात छत्री. देवाजी गुरुजी. भाचीच्या लग्नाला पलीकडच्या गावी निघालेले. त्यांनी येऊन झिंगूच्या हातातली बादली काढून घेतली आणि वाळूत ठेवली.

"तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं का ते तडकते," ते म्हणाले. "मंग ही मोटार इथीच राहीन आणि हा माणूसही. मुखरू म्हणते तसं करा."

गुरुजींचा शब्द कोण मोडणार? झिंगू मागे झाला. पण मुखरू त्या शब्दांवरच अडकला होता. तापल्या लोखंडावर गार पाणी. नागपूरच्या मिस्त्र्याचेच शब्द. म्हणजे गुरुजींना ठाऊक होतं. केव्हापासून? चार वर्षं समोर बसवून भात वाढला तो हे ठाऊक असून? त्या उन्हात मुखरूला थंडी वाजली.

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते मोटारीच्या दाराशी गेले, चैतूच्या नाकाशी बोटं धरली आणि म्हणाले, "आहे. झोपला आहे. बाई, ओठ ओले करत राहा." सोमारीने मान हलवली. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे आणि लाल झाले होते.

मग सगळे थांबले. गुरुजींनी रेडिएटरवर छत्री धरली. मुखरू दर थोड्या वेळाने तळहात लावी. दोन. तीन. पुन्हा दोन. पाचावर आला तेव्हा झिंगूसुद्धा ओठ हलवून मोजत होता. बादलीतलं पाणी उन्हात कोमट झालं होतं, तेच हवं होतं. शेवटी तळहात दहापर्यंत टिकला. मुखरूने झाकणावर पोतं टाकलं, तोंड फिरवलं आणि हळूहळू पीळ उकलला. थोडी वाफ सुस्कारून निघून गेली.

"सोमारीबाई, हळद आहे का आणखीन?"

तिने कमरेची पुरचुंडी सोडली. नवऱ्यासाठी राखलेली मूठभर हळद तिने न विचारता त्याच्या ओंजळीत टाकली. मुखरूने ती रेडिएटरमध्ये घातली. गळका सांधा हळदीने बुजतो, ही ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती. मग इंजिन चालू करून त्याने तांब्या तांब्याने पाणी ओतलं. प्रत्येक तांब्याला त्याचे कान त्या आवाजाची वाट पाहत होते. टण्ण झालं नाही. थेंब पिवळे झाले, मंदावले आणि थांबले.

"आता मले मधात थांबवू नका," तो बंडीवाल्यांना म्हणाला. "थांबली का तापते. वाट मोकळी करून द्या."

ज्यांनी मघाशी शिव्या घातल्या त्यांनीच बैलांच्या वेसणी धरल्या. एकेक भरली बंडी तट्ट्यांवरून खाली वाळूत उतरली. चाकं आसापर्यंत रुतली, पुन्हा वर काढायला त्यांची अख्खी दुपार जाणार होती. झिंगू पुढे ओरडत धावत होता, "सरका, सरका बे!" गुरुजी मुखरूच्या शेजारी बसले, पायांत पाण्याचे डबे धरून. मोटार धारेतून पाणी उडवत पलीकडच्या काठावर चढली.

चांद्यापर्यंत ती दहा वेळा थांबली. प्रत्येक वेळी मुखरूने दहा मोजले, आणि कोणी घाई केली नाही.

दवाखान्यात चैतूला आत नेलं तेव्हा उन्हं कलली होती. पुष्कळ वेळाने डॉक्टर बाहेर आले. एक डोळा गेला, पण माणूस राहील, म्हणाले. सोमारी भिंतीला टेकून बसली आणि दिवसभरात पहिल्यांदा रडली.

मुखरू अंगणात कडुनिंबाखाली मोटारीजवळ उभा होता. गुरुजी आले. आता पळायला जागा नव्हती.

"गुरुजी, तेव्हा इंजिन मीच फोडलं होतं. तुमची बाई माह्यानं गेली."

"मले मालूम आहे. त्याच वर्षी मिस्त्र्यानं सांगितलं."

"मंग दर साली जेवाले काऊन बोलावत होते? मले तं भात गिळवत नव्हता."

गुरुजींनी टोपी काढली, हातात फिरवली. "विहिरीवरून बादली कोणी आणली होती, आठवते का?"

मुखरूला आठवलं. धोतराचा काचा मारून शेतातून धावत आलेले गुरुजी, अर्धी बादली सांडत. ओत, मुखरू, लवकर ओत. इतक्या वर्षांत त्याने स्वतःचा ओतणारा हातच तेवढा पाहिला होता.

"तू म्हणत होता, थांबा म्हणून," गुरुजी म्हणाले. "एकदा म्हणाला होता. मी ऐकलं नाई. दर साली वाटे, तू जेवता जेवता बोलशीन, म्हणशीन का बादली तुम्ही आणली. तू बोलला असता तं मले बी बोलता आलं असतं. माह्या तोंडून आपसूक नाई निघालं, बापा."

 मग मुखरूने मोटारीतला तांब्या काढला, डब्यातलं उरलेलं पाणी भरलं आणि गुरुजींना दिलं. ते कोमट होतं. गुरुजी सगळं प्याले.

पुढेही मुखरू दर चार मैलांवर थांबत राहिला आणि लोक हसत राहिले. झिंगू मात्र हसणाऱ्याच्या अंगावर धावून जायचा. त्या वर्षी रुखमाबाईंच्या श्राद्धाला मुखरू बोलावणं यायच्या आधीच गेला. पंगतीत बसला, पत्रावळीवरचा भात संपवला, आणि वाढणाऱ्या गुरुजींना म्हणाला, "आणखी वाढा."